पाहुण्यांना आणायला

वादळ आलं ते वर्ष एकोणीसशे ब्याऐंशी. साल विसरायची सोयच नाही, कारण त्याच वर्षी माझी धाकटी चालायला लागली आणि आमचे हे शिडीवरून पडून पाय मोडून बसले. "घरात दोन पाय नवे आले नि एक जुना गेला," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. ह्यांना ते अजिबात आवडायचं नाही.

पण मला सांगायचंय ते आमच्या वन्संबद्दल. ह्यांची पाठची बहीण. भूगोल शिकून आली, लग्नाचं नाव काढलं की चष्मा पुसायला घ्यायची, आणि एक दिवस नगरपालिकेत नोकरीला लागली. जागेचं नाव 'आपत्ती नियोजन अधिकारी'. गावात असली जागा पहिल्यांदाच निघाली होती. लोकांना ते नाव उच्चारायला जड, म्हणून महिन्याभरात तिची 'वादळबाई' झाली. भाजी आणायला गेलं तरी विचारायचे, "काय वादळबाई, उद्या वाळवण घालू ना?" वन्सं शांतपणे आभाळाकडे बघून सांगायची, "घाला. दुपारनंतर काढा." आणि बहुतेक वेळा ते बरोबर यायचं.

आमचं गाव म्हणजे दुमजली घर होतं. वर टेकडीवर बाजार, कचेऱ्या, शाळा, आम्ही. खाली खाडीच्या काठाला बोटी दुरुस्त करणारे, रंगवणारे, जाळी विणणारे, धक्क्यावर माल चढवणारे-उतरवणारे. त्याला आम्ही 'खालची वस्ती' म्हणायचो. दोन्हींच्या मध्ये जिन्यासारखा एकच रस्ता, टेकडी कापून काढलेला. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला काही नाही. खाली सरळ खाडी. त्या उघड्या अंगाला कठडा बांधावा म्हणून नगरपालिकेचे इंजिनीअर साहेब दरवर्षी मागणी करायचे आणि दरवर्षी ती 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून परत यायची. साहेब उंच, सडपातळ, स्वभावाने कडवट. पण कठड्याची मागणी करायला ते कधी चुकले नाहीत, ह्याचं मला फार कौतुक वाटायचं.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी एक वादळ आलं होतं. खालच्या वस्तीला वर आणून आमच्या शाळेच्या सभागृहात ठेवलं. मी त्याच शाळेत शिकवायचे, म्हणून मी ते डोळ्यांनी पाहिलंय. एवढ्या माणसांना दोन संडास, तेही दुसऱ्या दिवशी तुंबले. बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. वरच्या गावातले लोक खिडक्यांशी उभे राहून बघायचे आणि जुने कपडे आत टाकायचे. एका बाईने आणलेला कोट मला आठवतो. एकही बटण शिल्लक नव्हतं, बटणं काढून ठेवून मग कोट दान केला होता. वादळ गेल्यावर खालचे लोक खाली गेले ते मनाशी ठरवूनच. त्यानंतरच्या वादळात भोंगा वाजला, गाडीने ओरडून सांगितलं, कोणी हललं नाही. "बुडू, पण त्या शाळेत पाय ठेवणार नाही," म्हणाले. आणि काही जण बुडाले. धक्क्यावरच्या एका हमालाच्या घरातलं कोणीच उरलं नाही.

वन्संनी नोकरी धरली तेव्हा तिच्यापुढे प्रश्न हाच होता. वाऱ्याचा वेग, पाण्याची उंची, हे सगळं तिला मोजता येत होतं. पुढच्या वेळी ही माणसं उठतील का, एवढंच मोजता येत नव्हतं.

ती वस्तीत घरोघर गेली. मीही शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर जायचे. 'वादळ आलं तर घर सोडाल का' असं तिने एकाही दारात विचारलं नाही. ती विचारायची, "समजा छत दुरुस्तीला काढलंय, तर चार दिवस कुठे राहाल?" लोक पटकन सांगायचे. बहिणीकडे. मेहुण्याकडे. मित्राकडे. एका म्हातारीने तर उलट वन्संनाच विचारलं, "कुठे म्हणजे? कोणाकडे तरी जाईन. माणसाला माणसं असतात की."

परत चढ चढताना वन्सं म्हणाली, "वहिनी, ही माणसं जागेवर जात नाहीत. कोणाकडे तरी जातात. मग त्यांना वर कोणीतरी द्यायला हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे सोयरीक जुळवायची. तुम्ही शाळेत एवढ्या भांडकुदळ पोरांना एका बाकावर बसवता, तुम्हाला जमेल."

अशी ती योजना निघाली. खालच्या प्रत्येक घराला वर एक घर. महिन्यातून एकदा खालच्यांनी वरच्यांकडे जेवायला यायचं, आणि ठरावीक दिवशी भोंगा वाजवून हेच जेवण सराव म्हणून व्हायचं: भोंगा झाला की गल्लीवार निघायचं, चढ चढायचा, आपापल्या घरी जाऊन पानावर बसायचं. शाळेचं सभागृह कागदावरूनही काढून टाकायचं.

नगरपालिकेच्या सभेत वन्संनी हे मांडलं. मग इंजिनीअर साहेब म्हणाले, "थोडक्यात, सरकारी जेवणावळी."

"सरकारी नाही. ज्याने त्याने आपापल्या घरी करायच्या."

"बाई, माणसं कुठेही न्या, माझी हरकत नाही. पण रस्ता एकच आहे आणि त्याला कठडा नाही. एवढं डोक्यात ठेवा."

"ठेवलंय."

मुख्याधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि वादळाच्या दिवशी कोणी आलंच नाही तर? शाळा तर तुम्ही बंद करून टाकताय."

"तर ते माझ्यामुळे," वन्सं म्हणाली. मी मागच्या खुर्चीवर होते. 

पहिली जेवणं म्हणजे नुसती फजिती. दोन्हीकडची माणसं वधूपरीक्षेला बसल्यासारखी बसलेली. वाढणारा 'घ्या' म्हणतोय, घेणारा 'पुरे' म्हणतोय, आणि मध्ये बटाटे गार होताहेत. आमच्या वाट्याला बोटी रंगवणारा एक जण, त्याची बायको आणि बायकोची आई आली. रंगाऱ्याच्या नखांत निळा रंग होता, म्हणून तो हात टेबलाखाली लपवत होता. सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "लपवता कशाला? आमच्या ह्याचे हात बघा, पोस्टाच्या शाईने कायमचे काळे. तुमचा रंग निदान बघायला तरी बरा आहे." त्यानंतर तो मोकळा झाला. म्हातारीचं नि सासूबाईंचं तर असं जमलं की काय सांगू. दोघींनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे गप्पा मोठ्याने चालायच्या, आणि दोन्ही घरांतली सगळी गुपितं शेजाऱ्यांना घरबसल्या कळायची.

सगळीकडेच असं गोड झालं असं नाही. बाजारातला बेकरीवाला आणि धक्क्यावरचा निवृत्त मुकादम, ही जोडी मी लावली होती. दोघेही एकटे, दोघेही विधुर, दोघांनाही पत्त्यांचा नाद. मला वाटलं, सोन्याहून पिवळं. बरेच महिने ते चाललंही. मग एके दिवशी मुकादम बेकरीवाल्याच्या टेबलावर, त्याच्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "पाव आत कच्चा आहे." बेकरीवाला म्हणाला, "माझ्या बापाच्या काळापासून ह्या भट्टीतून कच्चा पाव बाहेर पडलेला नाही." मुकादम म्हणाला, "मग हा पहिला." झालं. मुकादम उठून गेला आणि त्यानंतर आला नाही. वन्सं त्याची समजूत काढायला गेली तर म्हणाला, "वादळबाई, वादळात मी धक्क्याच्या खांबाला मिठी मारून बसेन. त्या बेकरीत मेलो तरी पाय ठेवणार नाही."

बाकी सराव मात्र सुरेख व्हायचे. भोंगा झाला की खालून गल्ल्या एकेक करून निघायच्या, गप्पा मारत चढ चढायच्या. वर घराघरांतून फोडणीचे, भाजण्याचे वास येत असायचे. यजमान दारात टॉवेल घेऊन उभे. इंजिनीअर साहेब वळणावर घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि शेवटी नाइलाजाने म्हणायचे, "ठीक आहे."

आणि मग ब्याऐंशीचं ते वादळ आलं.

सकाळी बिनतारी संदेश आला की संध्याकाळच्या आत वादळ आपल्यावर येणार, खाडीचं पाणी वस्तीत शिरणार. वन्संनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चहा पूर्ण प्यायली. "आता घाईने प्यायला की दिवसभर घाईच होईल," म्हणाली. मग भोंगा झाला. नगरपालिकेची जीप वरच्या गावातून सूचना देत फिरली: दारंखिडक्या बंद करा, दिवे-कंदील विझवा, शेगड्या-स्टोव्ह पेटवू नका. वाऱ्यात एखादी ठिणगी उडाली तर गाव पेटायला वेळ लागत नाही, म्हणून ही सूचना वन्संनी स्वतः लिहिली होती.

आम्ही दोघी चढाच्या पायथ्याशी, शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर. कर्णा माझ्या हातात, कारण माझा आवाज शाळेत कमावलेला. गल्लीचं नाव पुकारलं की ती गल्ली निघायची. आणि निघाली, हो. खालचा जवळजवळ प्रत्येक माणूस निघाला. पोरं कडेवर, म्हातारी पाठीवर, कोंबड्या टोपलीत. कोणाच्या हातात यजमानासाठी सुकी मासळी, कोणाच्या हातात अंडी. रिकाम्या हाताने कसं जायचं, असं. एक बाई जाता जाता वन्संना म्हणाली, "आज जेवायला काय असेल हो?" आणि तिची सासू तिला म्हणाली, "आधी पोच तर." मी वन्संकडे बघितलं. तिने चष्मा पुसला. ज्या प्रश्नाने तिला दोन वर्षं झोप नव्हती, त्याचं उत्तर आमच्या डोळ्यांसमोरून चढ चढत होतं.

वारा वाढला. तो टेकडीवरून, भिंतीवरून खाली येत होता आणि चढावरच्या माणसांना उघड्या अंगाकडे ढकलत होता. तेवढ्यात वन्संच्या हातातल्या बिनतारी यंत्रावर इंजिनीअर साहेबांचा आवाज आला. ते वळणावर होते.

"बाई, वरून लोक उतरताहेत."

"कोण लोक?"

"वरचे. तुमचे यजमान. छत्र्या घेऊन."

वन्संना कळेना. मलाही नाही. सरावात असं कधीच झालं नव्हतं. साहेब म्हणाले, "वळणावर तुंबायला लागलंय. हातगाड्या अडकल्या. खालचे वर येताहेत, वरचे खाली येताहेत. मी ओरडतोय, कोणी ऐकत नाही. सगळे म्हणतात, आम्ही पाहुण्यांना आणायला चाललोय."

वन्सं ओट्यावरून उठून पळतच चढाला लागली, मी मागे. वळणाशी पोचलो तर खरंच. अर्धं वरचं गाव रस्त्यावर. वकील, शिक्षक, दुकानदार, त्यांच्या बायका. आणि सगळ्यांत पुढे, डोक्याला रुमाल घट्ट बांधून, काठी टेकत, आमच्या सासूबाई.

"आई," वन्सं म्हणाली, "तू इथे काय करतेस?"

"रंगाऱ्याच्या सासूला घ्यायला आले. तिचे गुडघे दुखतात."

"तुला घरात थांबायचं होतं. सगळ्या यजमानांनी घरात थांबायचं होतं."

"थांबून काय करू? शेगडी पेटवू नका म्हणून तूच गाडी फिरवलीस. स्वयंपाक नाही, काही नाही. पाहुणे वादळात चढ चढताहेत आणि मी हातावर हात ठेवून बसू? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? सगळे तर इथे आहेत."

"मग बघ," सासूबाई म्हणाल्या, "एकालाही बसवलं नाही."

 मला तेव्हा कळलं आणि तिलाही. इतके सराव झाले, पण यजमान घरी थांबायचे ते तिने सांगितलं म्हणून नव्हे. शेगडीवर भांडं असायचं म्हणून. आज ते भांडं नव्हतं. वर्षभर ज्यांना वाढलं त्या माणसांवर वारा सुटलेला बघत कोण बसून राहणार? योजना फसली होती ती लोकांनी ती मनावर घेतली म्हणून.

"पोलीस लावून सगळ्यांना मागे फिरवतो," साहेब म्हणाले.

"एवढ्या अरुंद जागेत माणसं मागे वळली तर रस्ता पुरता बंद होईल. वळताना कडेला जातील, आणि कडेला..."  उघड्या अंगाखाली खाडी उकळत होती. नुकतीच एका मुलीची छत्री तिकडे गेली होती, आणि मुलगी तिच्यामागे दोन पावलं गेली, तेवढ्यात एका शिक्षकाने तिची वेणी धरून तिला मागे ओढलं होतं.

वन्सं साहेबांकडे वळली. "साहेब, कठडा केवढा लांब मागितला होता तुम्ही?"

"पायथ्यापासून वरपर्यंत. का?"

"माणसं पुरतील?"

साहेबांनी रस्त्याकडे बघितलं, उतरून आलेल्या गर्दीकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. आयुष्यभर मागत आलेली गोष्ट समोर चालत आल्यासारखा. "पुरतील," ते म्हणाले. "पण कडेवर नाही. कडेपासून एक माणूस आत. आणि दोर लागेल. भांडारात आहे."

मग जे झालं ते दोघांनी मिळून केलं, आणि मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण पुढे लोक कधी हिचं नाव घ्यायचे, कधी त्यांचं. वन्संनी माझ्याकडून कर्णा घेतला. "सगळ्या यजमानांनी जिथे आहात तिथेच थांबा. वर जाऊ नका, खाली जाऊ नका. खाडीच्या बाजूला सरका." साहेबांनी दोर आणवला आणि दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबाला बांधत निघाले. जाडजूड माणसं त्यांनी वळणावर उभी केली. "वकीलसाहेब, तुम्ही इथे. तुमचं वजन आज गावाच्या कामाला येतंय." सगळ्यांनी दोराला दोन्ही हातांनी धरायचं, तोंड भिंतीकडे. "झोत आला की खाली बसा. गेला की उठा. दोर सोडायचा नाही, नाक खाजलं तरी."

"आणि शिंक आली तर?" कोणीतरी विचारलं.

"तर वाऱ्याच्या दिशेने शिंका."

लोक हसले. त्या वाऱ्यात हसले. आणि भिंत नि माणसं यांच्या मधून खालची वस्ती पुन्हा चढू लागली.

मी कर्णा घेऊन पायथ्याशी परत गेले आणि गल्ल्या पुकारू लागले. तिथून मला सगळा चढ दिसत होता. पायथ्यापासून वळणापर्यंत आणि वळणापासून वर, माणसांची एक सलग रांग. झोत आला की सगळी रांग खाली बसायची, गेला की उठायची. वर जाणारा माणूस कलंडला तर कोणीतरी खांद्याने त्याला परत आत ढकलायचं. आणि मग ते सुरू झालं, कोणी सांगितलं नव्हतं. एका दुकानदाराचे पाहुणे त्याच्यासमोरून गेले आणि तो ओरडला, "माझे आले." थोडं वर एक बाई ओरडली, "माझे आले." मग वकील. मग सासूबाई, वाऱ्यावरही ऐकू जाईल अशा आवाजात, "माझे आले, आणि गुडघ्यांसकट आले." पुढे झालेल्यांना वर जाऊन दारं उघडीच मिळत होती, आमच्या घरी तर प्लास्टरमधला पाय खुर्चीवर टाकून आमचे हे टॉवेल घेऊन बसले होते.

शेवटची गल्ली गेली. खाडीचं पाणी वस्तीतून पायथ्याकडे चढायला लागलं. वन्सं उतरून माझ्याजवळ आली आणि तिने कर्ण्यातून विचारलं, "कोणाचे यायचे राहिलेत?"

 मग बेकरीवाला म्हणाला, "माझा."

तो पायथ्याच्या जवळच उभा होता. गावात एकालाही सांगावं लागलं नाही कोण ते. वन्सं त्याच्याकडे बघत राहिली. मला तिच्या मनातलं वाचता आलं: सभेत ती 'माझ्यामुळे' म्हणाली होती. एक गेला तरी तो तिच्यामुळे.

"मी जाते," वन्सं म्हणाली.

"तुमचं तो ऐकणार नाही," बेकरीवाला म्हणाला. "त्याला माझ्याशी भांडायचंय. माझा दोर कोणीतरी धरा."

शिंप्याने त्याची जागा घेतली. मुकादमाचं घर पायथ्याला पहिलंच, ओट्यावरून दिसायचं. मुकादम दारात स्टुलावर बसला होता, पाय वर घेऊन, कारण पाणी अंगणात आलं होतं. बेकरीवाला पाण्यातून चालत गेला आणि त्याच्यासमोर उभा राहिला. वन्सं त्याच्यामागे, मी वन्संच्या मागे.

"चल," बेकरीवाला म्हणाला.

"तुझ्याकडे? विसर."

"पाणी बघतोयस ना?"

"बघतोय. डोळे आहेत मला. जीभही आहे. पाव कच्चा होता."

"मुकादम, बाई इथे उभ्या आहेत तुमच्यासाठी," मी म्हणाले.

"बाईंना माझा नमस्कार. बाईंनी कच्चा पाव खाल्ला नाही."

बेकरीवाल्याने पाण्याकडे बघितलं. ते त्याच्या घोट्यावरून वर चढत होतं. मग वर चढाकडे बघितलं, जिथे अख्खं गाव दोर धरून त्या दोघांची वाट बघत उभं होतं. त्याचा आवाज खाली आला. "त्या दिवशी भट्टी नीट तापली नव्हती," तो म्हणाला. "लाकूड ओलं होतं. मला ठाऊक होतं."

मुकादमाने पाय स्टुलावरून खाली सोडले. "ठाऊक होतं तर मग चारचौघांत एवढा बोललास कशाला?"

"चारचौघे होते म्हणून."

"हं," मुकादम म्हणाला आणि स्टुलावरून उतरला. दोन पावलं टाकली आणि परत फिरला. बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला. मुकादमाने फळीवरचा पत्त्यांचा जोड उचलून सदऱ्याच्या आत ठेवला. "आता चल. आज तुला पिसून काढतो."

दोघे चढाला लागले, पुढे जाडा बेकरीवाला, मागे किडकिडीत मुकादम, एकमेकांचा दंड धरून. पहिल्याच खांबाशी बेकरीवाला ओरडला, "माझा आला." आणि ती हाक रांगेने उचलली, पायथ्यापासून वळणापर्यंत, वळणापासून वर: त्याचा आला, त्याचा आला. साहेबांनी खालून दोर सोडायला सुरुवात केली आणि रांग खालून वर सुटत गेली. सर्वांत शेवटी वन्सं आणि साहेब चढले. मी त्यांच्या पुढे होते. वळणावर मी मागे बघितलं, तर पाणी शिंप्याच्या ओट्यावर आलं होतं.

संध्याकाळी वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. खालची वस्ती जवळजवळ सगळी गेली: छपरं, बोटी, जाळी. वरही काचा फुटल्या, शाळेच्या सभागृहाचं छप्पर उडून मैदानात पडलं. आणि मुख्याधिकारी ते छप्पर बघायला दोनदा जाऊन आले. माणूस मात्र एकही गेला नाही. आमच्या घरात त्या दिवशी अंधारात दहा जण होतो, शेगडी बंद, खायला गार पाव आणि उकडलेली अंडी. त्याआधी आणि त्यानंतर मी पुष्कळ चांगली जेवणं जेवले आहे, पण मला विचाराल तर ते.

वन्सं भिंतीला टेकून बसली होती. सासूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "माझं चुकलं का गं?"

"हो," वन्सं म्हणाली. "सगळ्यांचं चुकलं. पुढच्या योजनेत मी तुमची चूक लिहूनच टाकणार आहे. यजमानांनी उतरायचं. दोर घेऊन."

तसंच तिने केलं. ती योजना पुढे दुसऱ्या गावांतही गेली.

आता राहिली माणसं. इंजिनीअर साहेबांना दगडी कठडा पुढच्या दोन वर्षांत मिळाला. त्याच्या उद्घाटनाला ते आले नाहीत. म्हणाले, मी खरा कठडा पाहिलाय. निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे परदेशात गेले, आणि दरवर्षी वन्संना एक पत्र यायचं, त्यात फक्त तिथल्या रस्त्यांच्या तक्रारी. मुकादम बेकरीतच राहायला गेला आणि शेवटपर्यंत पैशाच्या गल्ल्यावर बसला. पाव कसा झालाय ते गिऱ्हाइकाला खरं सांगायचा, त्यामुळे खप वाढला. बेकरीवाला त्याच्या नंतर दोन वर्षांनी गेला. रंगाऱ्याने नवी बोट केली, मग दुसरी केली, आणि त्याची नात आज माझ्या नातवाबरोबर एकाच दवाखान्यात डॉक्टर आहे. रंगाऱ्याची सासू आणि आमच्या सासूबाई एकाच हिवाळ्यात गेल्या. शेवटी दोघींनाही अजिबात ऐकू येत नव्हतं, तरी भेट चुकवली नाही. आमच्या ह्यांचा पाय बरा झाला. ते मरेपर्यंत सांगायचे की अख्ख्या गावात बहिणीची योजना तंतोतंत पाळणारा यजमान मी एकटाच.

वन्सं राजधानीत मोठ्या खात्यात गेली, नद्यांचे पूर, कारखान्यांची गळती, आगी, सगळं तिने पाहिलं. तिच्या हाताखाली तयार झालेल्या मुली आज कुठे कुठे अधिकारी आहेत. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन ती माझ्याकडेच परत आली. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या एका खोलीत राहतो, आणि हवामानाच्या बातम्या लागल्या की ती मला गप्प बसवते आणि निवेदकाच्या चुका काढते. मी तिला म्हणते, "वन्सं, आता पुरे." ती म्हणते, "वहिनी, वारा दक्षिणेचा आहे, हा पूर्वेचा सांगतोय. गप्प कशी बसू?" आणि फोन उचलून त्या केंद्राला लावते. तिथे आता तिला आवाजावरून ओळखतात.